वाचकांचे प्रश्न : मानवी हक्क आयोगाकडे भेदभावाची तक्रार

प्रश्न : आमच्या गावात नळयोजनेची पाइपलाइन पेठेपर्यंत आली आणि दलित वस्तीच्या तोंडाशी काम थांबलं. ग्रामसेवक सांगतात, निधी संपला. पण त्यानंतर वरच्या आळीत नव्या जोडण्या दिल्या गेल्या. दोन अर्ज दिले, उत्तर नाही. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाता येईल का? वकील लागेल का?

उत्तर : जाता येईल. वकील लागत नाही, फीही नाही. मानवी हक्क संरक्षण कायदा, 1993 प्रमाणे पीडित व्यक्ती स्वतः किंवा तिच्या वतीने दुसरं कुणीही तक्रार करू शकतं. महाराष्ट्राच्या आयोगाचं कार्यालय मुंबईत सीएसएमटी स्टेशनसमोर आहे, पण अर्ज देण्यासाठी तिथवर जायची गरज नाही. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. अर्ज मराठीतच लिहा.

आयोग दोन गोष्टी तपासतो : लोकसेवकाने हक्काचं उल्लंघन केलं का, किंवा त्याला साथ दिली का, आणि ते रोखण्यात त्याने हयगय केली का. तुमचे उत्तर न मिळालेले दोन अर्ज या हयगयीचा पुरावा आहेत, मात्र त्यांवर आवक क्रमांक आणि शिक्का हवा. पोच घेतली नसेल, तर तोच अर्ज आज पुन्हा द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

बहुतेक तक्रारी कच्च्या राहतात त्या पुढच्या टप्प्यावर. ‘आमच्यावर जातीमुळे अन्याय झाला’ एवढं लिहिलं, तर पंचायत ‘निधी नव्हता’ असा खुलासा पाठवते आणि प्रकरण तिथेच मिटतं. भेदभाव दाखवायचा तर तुलना मांडावी लागते : त्याच गावात, त्याच काळात, त्याच योजनेतून दुसऱ्यांना काय मिळालं. ती तुलना पंचायतीच्याच कागदांतून काढा. माहिती अधिकारात योजनेचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, ग्रामसभेचा ठराव आणि नळजोडणीची नोंदवही मागा. अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. ‘जोडणी का दिली नाही?’ असं विचारू नका. कारण विचारलं, की ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही असं उत्तर येतं. अभिलेखाची, म्हणजे दप्तरातल्या कागदाची, प्रत मागितली, तर ती 30 दिवसांत द्यावी लागते. निधी संपल्याची तारीख आणि वरच्या आळीतल्या जोडण्यांच्या तारखा शेजारी ठेवल्या, की पंचायतीचा खुलासा टिकतो की नाही हे आयोगाला कागदावरच दिसेल.

तक्रार दोन पानांत बसवा. सुरुवातीला तक्रारदाराचं पूर्ण नाव, पत्ता, फोन. मग ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचं पद आणि कार्यालय. नाव माहीत नसेल तर पद पुरतं. मग तारीखवार घटना, प्रत्येक घटनेसमोर जोडलेल्या कागदाचा क्रमांक. शेवटी मागणी, तीही नेमकी : किती घरांना जोडणी हवी, कोणाची चौकशी हवी, नुकसानभरपाई हवी असेल तर कशाबद्दल. ‘न्याय मिळावा’ या मागणीवर आयोगाला आदेश लिहिता येत नाही.

याच्या जोडीला आणखी एक रस्ता आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना सार्वजनिक पाण्याच्या वापरापासून अडवणं हा अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 खाली गुन्हा ठरू शकतो. 2018 च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही, आणि तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. ठाण्यात नोंद घेतली नाही, तर हकिगत लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा. ठाणेदाराचा नकार ही आयोगासमोर मांडता येणारी दुसरी हयगय आहे. ती अर्जात वेगळ्या परिच्छेदात लिहा. अशा अत्याचारांविरुद्धच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक 14566.

प्रश्न : सरकारी रुग्णालयात एचआयव्हीमुळे माझ्या भावाची शस्त्रक्रिया नाकारली. दहा महिने झाले. रुग्णालय म्हणतं, आमची अंतर्गत चौकशी चालू आहे, थांबा. थांबावं का? नाव बाहेर येण्याचीही भीती आहे.

उत्तर : थांबू नका. घटनेच्या तारखेपासून एक वर्ष उलटलं, की आयोगाला त्या घटनेची चौकशी करता येत नाही. अंतर्गत चौकशी चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. अर्ज याच आठवड्यात पाठवा, चौकशीची कागदपत्रं मागाहून जोडता येतील. भावाला उपचार अजूनही नाकारले जात असतील, तर शेवटच्या नकाराची तारीख ठळक लिहा.

नावाची भीती रास्त आहे, तरीही निनावी अर्ज करू नका. निनावी आणि टोपणनावाच्या तक्रारी सहसा पहिल्याच छाननीत बाजूला पडतात. अर्ज खऱ्या नावाने करा आणि पहिल्याच परिच्छेदात नाव गोपनीय ठेवण्याची विनंती लिहा. पाकिटावर आजाराचा उल्लेख नको.

एचआयव्ही आणि एड्स कायदा, 2017 प्रमाणे या कारणावरून उपचार नाकारणं मुळातच बेकायदा आहे. त्या कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालाकडेही (अशा तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) तक्रार करता येते. निर्णयासाठी 30 दिवसांची मुदत आहे, आणीबाणीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो 24 तासांची. शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर आधी तिकडेच जा. भरपाई आणि जबाबदारी ठरवणं नंतर होईल, आज भावाला उपचार मिळणं महत्त्वाचं आहे.

प्रश्न : खासगी कंपनीने माझ्या दिव्यांग बहिणीला बसण्याची सोय नाकारली. आयोगाकडे जावं का?

उत्तर : खासगी मालक लोकसेवक नाही, त्यामुळे तिथून अर्ज बहुधा परत येईल आणि त्यात महिने जातील. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मात्र खासगी आस्थापनांनाही लागू आहे, आणि आवश्यक ती वाजवी सोय नाकारणं हाही त्यात भेदभावच धरला आहे. पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. सोयीची लेखी मागणी आणि कंपनीचा नकार (ईमेल चालेल) सोबत जोडा. सरकारी नोकरीतल्या बढती-बदलीच्या तक्रारीही मानवी हक्क आयोग सहसा घेत नाही. त्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे.

प्रश्न : अर्ज पाठवला, तीन ठिकाणी प्रतीही दिल्या. आता पुढे काय होतं?

उत्तर : प्रती दिल्या त्याच अडचणीच्या ठरू शकतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग किंवा कायद्याने स्थापन झालेला दुसरा आयोग तेच प्रकरण आधीच तपासत असेल, तर राज्य आयोगाला ते हाताळता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचा अर्ज आणि खाली ‘प्रत : मानवी हक्क आयोग’ एवढंच असेल, तर त्याचीही दखल सहसा घेतली जात नाही. आयोगाच्या नावाने स्वतंत्र, सही केलेला अर्ज हवा. प्रकरण न्यायालयात प्रलंबित असेल तर ते लपवू नका. समोरची बाजू पहिल्याच खुलाशात ते सांगते आणि अर्ज बंद होतो.

अर्ज दाखल झाल्यावर प्रकरण क्रमांक मिळतो. पुढच्या प्रत्येक पत्रावर तो लिहा. आयोग संबंधित खात्याकडून अहवाल मागवतो आणि त्यावर तुमचं म्हणणं विचारलं जातं. इथे गप्प राहिलात तर खात्याचा अहवालच एकतर्फी खरा धरला जाण्याचा धोका असतो. अहवालातला चुकीचा मुद्दा क्रमांक देऊन उद्धृत करा आणि त्याखाली तुमचा कागद दाखवा. पत्ता बदलला तर लगेच कळवा, नाहीतर नोटीस जुन्या घरी जाते आणि तुम्ही गैरहजर ठरता.

चौकशीत आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. उल्लंघन सिद्ध झालं तर तो सरकारला भरपाईची, दोषींवर कारवाईची शिफारस करतो. गरज असेल तर चौकशी चालू असतानाच तातडीच्या अंतरिम मदतीचीही. शिफारशीवर काय केलं ते सरकारने एका महिन्यात, किंवा आयोगाने वाढवून दिलेल्या मुदतीत, कळवायचं असतं. उत्तर आलं नाही तर आयोगाला स्मरणपत्र द्या आणि उच्च न्यायालयात जाण्याची लेखी विनंती करा. कायद्याने आयोगाला तो अधिकार दिला आहे. तुम्ही स्वतःही रिट याचिका (हक्कांच्या रक्षणासाठी थेट उच्च न्यायालयात अर्ज) करू शकता, आणि त्या वेळी आयोगाचा चौकशी अहवाल तुमच्या हातातला सर्वात वजनदार कागद असेल. म्हणून आदेश होताच अहवालाची आणि आदेशाची प्रमाणित प्रत मागून ठेवा.