मुंगळ्याची राणी उपाशी नाही, तिला एकटं सोडा

ताई, मृगाच्या पहिल्या पावसानंतर तुमच्या मुलाला अंगणात दिव्याखाली मुंगळ्याची राणी सापडली, बारा दिवसांपासून ती टेस्ट ट्यूबमध्ये आहे, मधाला तोंड लावत नाही आणि नऊ अंड्यांची कालपासून सहाच दिसून राहिली, असं तुम्ही लिहिलंय. अंडी तिनेच खाल्ली आहेत. तुम्ही मायलेक दिवसातून किती वेळा ट्यूब उचलून बघता? मी पहिल्या वर्षी तासातासाला बघायचो. माझ्या राणीने सगळी अंडी संपवली आणि महिन्याभरात स्वतःही गेली. धक्का बसला, उजेड पडला की धोका आहे असं ती समजते आणि अंड्यांतलं सत्त्व परत पोटात घेते.

खाण्याचं म्हणाल तर मुंगळ्याच्या राणीला या काळात खायला लागतच नाही. उडून मीलन झालं की ती पंख स्वतःच तोडून टाकते, आणि ज्या स्नायूंनी ते पंख हलत होते ते आता अंगातल्या अंगात जिरत जातात. त्यावर आणि साठवलेल्या चरबीवर ती स्वतः जगते, पहिल्या अळ्यांनाही पोसते. मरायच्या वेळी मुंगीला पंख फुटतात म्हणतात ना, ते नरांना लागू पडतं. ते मीलनानंतर थोड्याच काळात मरतात. राणीचं तर तिथून सुरू होतं. तेव्हा तो मध आजच काढा, नाहीतर या दमट हवेत बुरशी धरू शकते.

ट्यूब कशी लावली ते तुम्ही सांगितलं नाही. एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट कापूस, मग राणी, तोंडाशी पुन्हा कापसाचा बोळा, एवढंच. दुसरी ट्यूब लागली तर शाळा-कॉलेजला प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळते. लाल जिलेटिन कागद गुंडाळा, कारण लाल उजेड मुंग्यांना फारसा कळत नाही, आणि कपाटात आडवी ठेवा. फ्रिजवर नको, त्याची थरथर पोचते. मुलाला रविवारी एकदा, दोन मिनिटं बघू द्या. अंडी, अळी, मग बदामी कोश, मग मुंगी. पहिली कामकरी यायला दीड-दोन महिने धरा. पहिल्या खेपेच्या मुंग्या बारक्याच असतात, त्या कुपोषित नाहीत.

एकटी आहे बिचारी म्हणून बाहेरचे चार मुंगळे आणून आत सोडू नका. वास वेगळा असतो, ते तिला फाडतील. दुसरी राणी सापडली तरी तिची ट्यूब वेगळी.

कामकरी आल्या की मगच खाणं. मध-पाण्याचा बारीक थेंब फॉइलच्या तुकड्यावर, आणि प्रथिनासाठी बॅटने मारलेला डास. उकडलेल्या अंड्याचा कणही चालतो. दुसऱ्या दिवशी उरलेलं उचलायचं. फवारा मारून मेलेलं झुरळ कधीच नाही. हे मी ठासून सांगतो, कारण माझी दुसरी वसाहत तिशीपर्यंत पोचली होती आणि विषानेच गेली. दिवाळीची साफसफाई होती, आईने सगळ्या घरात मुंग्यांच्या खडूच्या रेघा ओढल्या, माझ्या टेबलाच्या पायालासुद्धा. तिच्या दृष्टीने मुंग्या त्या मुंग्याच. तीच धूळ माझ्या हाताला लागून डब्यात गेली असावी. संध्याकाळी निम्म्या पाठीवर पडून पाय झाडत होत्या. आता आमच्याकडे खडू येतच नाही, आणि ओट्यावरच्या लाल मुंग्यांवरून मी दर आठवड्याला बोलणी खातो.

दहा-पंधरा झाल्या की श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या आणि ट्यूब त्यात उघडी ठेवा. डब्याच्या वरच्या कडेला आतून टाल्कम पावडर सॅनिटायझरमध्ये कालवून कापसाने लावा. वाळली की पाय टिकत नाहीत. पावसाळ्यात ती ओलावा धरते, मग पुन्हा लावायची. काचेचं महागडं वारूळ इतक्यात घेऊ नका. मोठ्या जागेत त्या कोपऱ्यात कचरा करून ठेवतात. ऑनलाइन परदेशी राणी तर मुळीच नको. 2025 मध्ये केनियातून हजारो राण्या चोरून नेऊ पाहणाऱ्या दोन बेल्जियन पोरांना दंड झाला होता, आणि बाहेरची जात इथे सुटली तर निस्तरायला कोणी येत नाही.

डिसेंबरात आपल्याकडे रात्री गारठा पडला की अंडी कमी होतील, हालचाल मंदावेल. तेव्हा गरम दिव्याखाली नेऊ नका, पाणी तेवढं बघा. खरी परीक्षा मे महिन्यात, पारा 45 ला टेकला की. मी डबा आतल्या खोलीत जमिनीवर ठेवतो, कूलरच्या थेट झोतात नाही, आणि लाइट गेली तर फरशीवर ओलं पोतं टाकतो.