आधी रजा, मग राजीनामा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू आमच्या ओट्यावर बसला होतास. साडेनऊ वाजून गेले तरी तुमच्या ग्रुपवर वसुलीचे आकडे मागणं चालूच होतं. तू फोन पालथा ठेवायचास आणि मिनिटभरात परत उचलायचास. उठताना म्हणालास, "काका, बास झालं. निवृत्तच होतो." वय 36! ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात अक्कलकोट रोड ते होटगी रोड मोटारसायकलवर कर्जाचे हप्ते गोळा करणारा मुलगा कामचुकार नसतो, हे तुला पटवून द्यायची गरज नाही. पण दमलेल्या डोक्याने जन्माचा निर्णय करायचा नसतो रे. आधी रजा, मग राजीनामा. सलग पंधरा दिवस रजा टाक, डॉक्टरला दाखव, बीपी तपासून घे, झोप. त्यानंतरही नोकरी नको वाटली तर मी अडवणार नाही.

2000-01 साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा मीही कागद-पेन घेऊन बसलो होतो. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 60 दिवसांचा पगार किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यातलं कमी असेल ते. देशभरात लाखभर माणसं बाहेर पडली. आमच्या शाखेतलेही गेले, मी थांबलो. भित्रा म्हणाले मला. म्हणोत. वडील अंथरुणाला खिळलेले, पोरं शाळेत, आणि गेलेल्यांचं काम आमच्या टेबलांवर येऊन पडलेलं. तरी थांबलो, आज वेळ आली तरी थांबेन. सलतं ते एकच. रजा साठवत गेलो. निवृत्त होताना 240 दिवसांपर्यंतच्या रजेचे पैसे मिळायचे, ते मिळाले. पण ते दिवस वडिलांच्या उशाशी बसून काढायचे होते. शाखेत माणसंच नव्हती, रजा मागणार तरी कोणत्या तोंडाने? तुझ्या शाखेत माणसं आहेत. तू माग.

आता हिशोब. तुझी 12 वर्षं झाली. मूळ पगार 30,000 धरला तर ग्रॅच्युइटी दोन लाखांच्या थोडी वर जाते. पीएफची पेन्शन 15,000 पगाराच्या मर्यादेवर मोजली तर महिना अडीच हजारांच्या आसपास, तीही वयाची 58 पूर्ण झाल्यावर. 50 नंतर आधी घेतलीस तर दर वर्षामागे 4 टक्के कापणार. घरखर्च आज 40,000 असेल आणि महागाई 6 टक्के धरली, तर 12 वर्षांत तो 80,000 होतो आणि तू साठीला येशील तेव्हा 1,60,000. कंपनीचा आरोग्य विमा, ज्यात तुझे आई-वडील आहेत, तो नोकरीबरोबर जाणार. नवा घेतलास तर आधीच्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं. याला निवृत्ती म्हणतात का? ही नोकरी सोडणं झालं, आणि तेही काही वाईट नाही. सोड की! दुसरी बघून सोड. नाहीतर वसुलीतून कर्जमंजुरीच्या टेबलावर बदली मागून बघ. मागितलीस का कधी? नाही ना? मग?

मान्य, त्या कामात रोज शिव्या खाव्या लागतात. पूर्व भागातल्या ज्या घरात माग बंद पडलेत, तिथे हप्ता मागायला तुझी जीभ रेटत नाही, हे मला दिसतं. त्याने माणूस आतून पोखरतो. म्हणूनच सांगतोय, आधी रजा. उद्याच अर्ज दे, तोंडी नको, ईमेलवर दे. साहेब "महिनाअखेर होऊ दे" म्हणतील. महिनाअखेर दर महिन्याला येते, तू मागे हटू नकोस.

रजेत एक दिवस पगाराची स्लिप आणि पीएफचं पासबुक घेऊन घरी ये. सूनबाईंनाही आण. घरखर्चाचा खरा आकडा तुझ्यापेक्षा त्यांना ठाऊक असेल.

तुझा,
काका