पाऊस आहे म्हणून भिंत गळते?

प्रश्न : गेल्या वर्षी कुर्टीला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. 62 लाख, त्यातले 45 कर्जाचे. पहिल्याच पावसात हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आली, खिडकीखालचा रंग पोपडे धरून सुटला, वर बीमखाली सरळ आडवी भेग पडली. बिल्डर म्हणतो, "गोव्यात पाऊस आहे, ओल येणारच. चतुर्थीनंतर रंग मारून देतो." आमचे हे म्हणतात, विकून मोकळे होऊया. काय करावं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, पाऊस काय गोव्यात यंदा नवीन आला? वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पडतोच. जुन्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या घरांवरही तोच पडतो; पण तिथे कौलांची वळचण भिंतीच्या चांगली बाहेर असते. आता माहितीपत्रकात इमारत सपाट, गुळगुळीत दिसावी म्हणून छज्जे छाटतात आणि पश्चिमेचा सगळा मारा थेट प्लॅस्टरवर येतो.

बीमखालची सरळ भेग मी साइटवर शेकड्यांनी पाहिली आहे. काँक्रीट आणि चिरा उन्हापावसात सारखे हलत नाहीत, म्हणून जोडावर जाळी ठोकून मग प्लॅस्टर करायचं असतं. जाळी वाचवली की भेग ठरलेली. सहसा त्याने इमारतीला धोका नसतो. मात्र कॉलमवर उभी भेग आणि गंजाचे तांबूस ओघळ दिसले, तर त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. खिडकीखालच्या प्लॅस्टरवर नाण्याने टकटक करा. बद्द, पोकळ आवाज आला तर ते भिंतीपासून सुटलंय. त्यावर रंग मारणं म्हणजे पुढच्या जूनपर्यंतची सोय.

आता कायदा. रेरा, म्हणजे 2016 चा स्थावर संपदा कायदा, त्याचं कलम 14 काढून वाचा. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष दिसला आणि तुम्ही तो कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. फोनवर भांडत बसू नका. पाऊस चालू असतानाच फोटो काढा आणि स्पीड पोस्टाने पत्र धाडा. त्याने दाद दिली नाही तर गोवा रेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करा. तुमचा प्रकल्प तिथे नोंदलेला आहे का, तेवढं आधी बघा, कारण 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा 8 फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. नोंद नसेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता धरा. पश्चिमेच्या बाजूच्या वरच्या-खालच्या शेजाऱ्यांनाही विचारा. त्यांच्याही भिंती ओल्या असणार. चौघांच्या सह्यांचं पत्र टोपलीत टाकणं जड जातं.

विकायचं म्हणता, तर विकून जाणार कुठे? त्या पैशांत पर्वरीचं नाव काढायला नको. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या पाचातलं साधारण एक घर रिकामं निघालं होतं, तरी इथल्या पगारावर जगणाऱ्याला परवडेल असं घर सापडत नाही. सुटीपुरतं येणाऱ्यांच्या खिशाकडे बघून भाव ठरतात, आणि त्यांना जुलैतली भिंत बघावीच लागत नाही. याची मला तुमच्याइतकीच चीड आहे. पण ओली भिंत दाखवून विकाल तर भाव पडेल, लपवून विकाल तर तुमच्यासारखीच कोणीतरी फसेल. आधी भिंत नीट करून घ्या, मग ठरवा.

चतुर्थीनंतर रंगारी आला, तर आधी सुटलेलं प्लॅस्टर काढायला लावा. "काम समाधानकारक झाले" असा कागद पुढे केला, तर पुढचा पावसाळा जाईपर्यंत त्यावर सही करू नका.