लहान कारखान्यानं आधी स्ट्रॅटेजी लिहावी की ती करता करता घडू द्यावी?

तुम्ही विचारलंय, बाजार अभ्यासून आधी स्ट्रॅटेजी ठरवा म्हणणारे मॅनेजमेंटचे प्राध्यापक पोर्टर बरोबर, की ती काम करता करताही घडते म्हणणारे मिंट्झबर्ग, आणि वीस कामगारांच्या कारखान्यानं कुणाचं ऐकावं. मी मिंट्झबर्गच्या बाजूचा, आणि तेही पुस्तक वाचून नाही.

२०११ साली अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे बारा माग चादरीवर होते. दादा पुण्याहून एमबीए करून आला आणि त्यानं फाइल तयार केली: सोलापुरात सगळ्यात स्वस्त चादर आपली. पोर्टरच्या फाइव्ह फोर्सेसचा, म्हणजे धंद्यावर दाब आणणाऱ्या पाच गोष्टींचा तक्ताही होता. त्यात ‘पर्यायी वस्तू’समोर लिहिलेलं, ‘धोका कमी’. पानिपतची मिंक ब्लँकेटं तेव्हा आपल्याच बाजारात थप्प्या लावून विकली जात होती! त्याच वर्षी सूत भडकलं आणि जो काही नफा होता तो सुतातच जिरला.

तेवढ्यात हैदराबादचा एक व्यापारी आला. ब्यूटी पार्लरसाठी गडद तपकिरी टॉवेल हवे होते, केसांच्या रंगाचे डाग दिसू नयेत म्हणून. पन्नास डझन. दादा म्हणाला, "हे प्लॅनमध्ये बसत नाही." टॉवेलचा एक जुना माग कोपऱ्यात बंद पडून होता, तो मी दुरुस्त करून चालू केला. पहिल्या लॉटचा रंग धुण्यात उतरला, सगळा माल परत आला. मग सूत व्हॅट रंगात, म्हणजे धुण्यात न उतरणाऱ्या पक्क्या रंगात रंगवून घेतलं. महाग पडलं, पण व्यापाऱ्यानं तो दर दिला. तीन वर्षांत चादरीचे पाच माग विकून टॉवेलचे घेतले.

दादानं नंतरच्या फाइलमध्ये ‘निवडक ग्राहकांवर भर’ असं लिहिलं. आजही पाहुण्यांत सांगतो की ते आधीच ठरलं होतं. नव्हतं ठरलं.

होंडाचं असंच झालं. १९५९ मध्ये अमेरिकेत गेले मोठ्या मोटारसायकली विकायला, खपली ५० सीसीची छोटी सुपर कब. १९७५ मध्ये सल्लागारांनी ब्रिटिश सरकारच्या अहवालात त्याला आखीव धोरण ठरवलं. १९८४ मध्ये मॅनेजमेंटचे अभ्यासक रिचर्ड पास्कल यांनी होंडाच्याच माणसांच्या मुलाखती छापल्या, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. घेत गेलेल्या निर्णयांत जी संगती दिसते ती स्ट्रॅटेजी, हे मिंट्झबर्ग १९७८ पासून सांगत होते.

तेव्हा एक माग प्लॅनच्या बाहेर ठेवा, आणि प्लॅन लिहिणाऱ्याला महिन्यातले चार दिवस मागांच्या खात्यात उभं करा. दादा कधी उभा राहिला नाही.

पोर्टरचा तक्ता मात्र टाकून देऊ नका. ‘पर्यायी वस्तू’ हा प्रश्न अगदी बरोबर होता, उत्तर खुर्चीत बसून लिहिलं गेलं. आणि कर्ज काढायचं असेल तर लेखी प्लॅन लागतोच, बँक विचारते.