२०२७ च्या राष्ट्रपती निवडणुकीत काँग्रेसचा उमेदवार निवडून येऊ शकेल का?

अवघडच दिसतं. २०२४ ला लोकसभेत काँग्रेस ९९ वर गेली खरी, पण राष्ट्रपती निवडणुकीत खासदारांबरोबर आमदारांची मतंही धरतात आणि तिथेच ती मागे पडते.

आपल्याकडचंच बघा. आमदाराच्या मताचं वजन, म्हणजे मूल्य, राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं; महाराष्ट्रातल्या एका आमदाराचं ते १७५. नोव्हेंबर २०२४ मध्ये भाजपचे १३२, शिंदेंच्या शिवसेनेचे ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे ४१ निवडून आले. म्हणजे २३० गुणिले १७५, तब्बल ४०,२५०. काँग्रेस, ठाकरेंची शिवसेना आणि शरद पवार गट मिळून ४६ आमदार, जेमतेम ८,०५०.

खरी चावी उत्तर प्रदेशात आहे. तिथे ४०३ आमदार, प्रत्येकाचं मत २०८ चं, आणि विधानसभा निवडणूक आधी व्हायची आहे. काँग्रेसचा मित्र असलेल्या समाजवादी पक्षाने मुसंडी मारली तर चुरस वाढेल.

शिवाय मतदान गुप्त, व्हीप (कुणाला मत द्यायचं हा पक्षाचा आदेश) लागू नाही. २००७ साली भाजपच्या एनडीए आघाडीत असूनही शिवसेनेने काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला, मराठी उमेदवार म्हणून. २०२२ ला द्रौपदी मुर्मूंच्या नावामुळे झारखंड मुक्ती मोर्चाने त्या निवडणुकीपुरती काँग्रेसची साथ सोडून भाजपच्या या उमेदवाराला मत दिलं. विरोधकांनी या वेळी तरी नाव लवकर आणि विचार करून ठरवावं, असं मला मनापासून वाटतं.