अण्णांच्या उशाशी बसताना

स्त्रीभूमिका करणारे तुझे गुरू अण्णा आता अंथरुणातून उठणार नाहीत, हे तुला कळले आहे आणि तरीही रोज संध्याकाळी त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने जावे, असे तू विचारतोस. तशाच भूमिका करणाऱ्या माझ्या गुरूंजवळ, खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या घरी, मी असाच बसलो होतो. धीराची भाषणे त्यांना नको होती; तू नऊवारीचा काष्टा कसा घालतोस ते दाखव, असे ते म्हणत आणि निऱ्या चुकल्या की थरथरत्या बोटांनी पदर ओढत. म्हणून शिकणे थांबवू नकोस. बालगंधर्वांचेही (१८८८–१९६७) पाय उतारवयात गेले होते, हा विषय अण्णांनी काढला तर टाळू नकोस.

अंगावर शेवटी धोतर असावे की शालू, हे त्यांनाच विचार, आणि ते शुद्धीवर असतानाच विचार, कारण नंतर भाऊबंद ठरवतात. केसांचा टोप, बुगडी, पायांतले चाळ कोणाला द्यायचे, हेही त्यांच्याकडून लिहून घे. साध्या कागदावरचे मृत्युपत्रही चालते. त्यावर त्यांची आणि दोन साक्षीदारांची सही हवी, नोंदणी मात्र सक्तीची नाही. दवाखान्यातले कागद बहुधा कन्नडमध्ये असतील, तेव्हा वाचता येणारा माणूस सोबत ने. (आपण सीमाभागातले, भाषेच्या अभिमानापायी सही चुकवू नये.)

आणि जाताना खोबरेल तेल घेऊन जा. रंग उतरवल्यासारखे त्यांच्या कपाळावरून, गालांवरून हलक्या हाताने फिरव.