सरीसृप : वाकड्या चालीचा शब्द

एका वाचकाने विचारले आहे की मगर आणि कासव पाण्यातही राहतात व जमिनीवरही, तर त्यांना उभयचर का म्हणू नये. आणि साप, घोरपड, मगर, कासव यांच्या वर्गाला ‘सरीसृप’ या अवघड शब्दाऐवजी ‘सरपटणारे प्राणी’ का चालू नये.

मगरीला उभयचर म्हटलेले ऐकून कान किटले आहेत, म्हणून ते आधी निकालात काढतो. ‘दोन्हीकडे वावरणारा’ हा उभयचर शब्दाचा केवळ फोड करून मिळणारा अर्थ आहे. जीवशास्त्रात ते बेडूक, पालीसारखा दिसणारा सॅलॅमँडर आणि गांडुळासारखे दिसणारे बिनपायांचे देवगांडूळ यांच्या वर्गाचे नाव आहे, आणि तो वर्ग राहण्याच्या जागेवरून ठरत नाही. फरक अंड्यात आहे. बेडकाचे बिनकवचाचे, बुळबुळीत अंडे उघड्यावर पडले की सुकून जाते. मगरीचे उलट आहे: ती दिवसच्या दिवस पाण्यात काढते, पण अंडी घालायला तिला काठावर यावेच लागते, कारण अंडी पाण्याखाली राहिली तर आतला जीव गुदमरतो. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळू उकरून शंभराच्या आसपास अंडी पुरते, तीही याच कारणाने. या अंड्यात गर्भाभोवती द्रवाने भरलेली एक पातळ पिशवी असते, तिला उल्ब म्हणतात. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील ‘यथोल्बेनावृतो गर्भः’ यातला उल्ब तो हाच. या पिशवीमुळेच पृष्ठवंशी प्राण्यांना प्रजननासाठी पाण्याकडे परतण्याची गरज उरली नाही. घोणस आणि फुरसे अंडी न घालता पिल्ले देतात, पण उल्ब त्यांच्याही गर्भाला असतो. तो पक्ष्यांच्या आणि आपल्याही गर्भाला असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता खरा आनंदाचा विषय. ‘सरीसृप’ हा सृप् (सरकणे) या धातूच्या यङन्त, म्हणजे ‘यङ्’ हा प्रत्यय लागलेल्या, रूपावरून आला आहे. आजकाल त्याचा अर्थ ‘पुन्हा पुन्हा सरपटणारा’ असा सर्रास दिला जातो, आणि मला तो मुळीच मान्य नाही. यङ् प्रत्ययाने क्रिया वारंवार किंवा अतिशय होते हे खरे, परंतु पाणिनीने लगेच पुढच्याच सूत्रात गतिवाचक धातूंचा अपवाद केला आहे: ‘नित्यं कौटिल्ये गतौ’ (३.१.२३). चालणे-जाणे या अर्थाच्या धातूंना हा प्रत्यय लागतो तो केवळ वाकड्या गतीच्या अर्थाने, आणि ‘नित्यम्’ या शब्दामुळे पौनःपुन्याला, म्हणजे ‘पुन्हा पुन्हा’ या अर्थाला, वावच उरत नाही. म्हणून सरीसृप म्हणजे वाकडातिकडा सरकणारा.

एखादी घोरपड जाताना नीट पाहावी. पाय धडाखाली नसून बाजूंना फाकलेले असतात, उजवा पुढचा आणि डावा मागचा पाय एकदम पुढे पडतो, आणि प्रत्येक पावलाला कणा आधी एका अंगाला व मग दुसऱ्या अंगाला वळतो. धड असे आळीपाळीने दुमडते तेव्हा एक फुप्फुस दाबले जाते आणि दुसरे फुगते, त्यामुळे अशा प्राण्यांना धावणे आणि श्वास घेणे एकाच वेळी कठीण जाते, असे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डेव्हिड कॅरिअर यांनी १९८७ साली मांडले. घोरपड त्यावर गळ्याचा भाता करून, म्हणजे गळ्याने हवा फुप्फुसांत ढकलून, मात करते. पाणिनीच्या सूत्रातले ‘कौटिल्य’ ते हेच, असे माझे ठाम मत आहे; ज्यांनी हा शब्द घडवला त्यांनी पोट घासण्यापेक्षा कण्याचे वळणे अधिक महत्त्वाचे मानले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६२ व्या सूक्तात ‘सरीसृप’ हा शब्द सापासाठी नसून कुशीत हालचाल करणाऱ्या गर्भासाठी आला आहे, आणि गर्भाची ती हालचालही सरळ रेषेतली नसते. यावर आक्षेप असा घेतला जातो की गम् धातूपासून याच रीतीने झालेल्या ‘जंगम’ शब्दात वाकडेपणा उरलेला नाही. तो उरलेला नाही हे खरे, परंतु एका शब्दातली छटा वापरात झिजली म्हणून दुसऱ्यातली नाकारता येत नाही.

‘सर्प’, लॅटिन ‘सर्पेन्स’ आणि ग्रीक ‘हेर्पेटॉन’ ही एकाच मुळाची रूपे आहेत; या वर्गाचे इंग्रजी नाव ‘रेप्टाइल’ मात्र लॅटिन ‘रेपेरे’ या वेगळ्या क्रियापदावरून आला आहे, आणि तोही सृप् धातूला चिकटवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

‘सरपटणारे प्राणी’ हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण मगर जमिनीवर पुष्कळदा पोट उचलून चालते, आणि गांडूळ सरपटत असूनही या वर्गात येत नाही. सरीसृपही कासवाला लागू पडत नाही, कारण त्याच्या फासळ्या कवचात सांधलेल्या असल्याने त्याचे धड वळतच नाही; परंतु वर्गाचे नाव प्रत्येक सभासदाचे वर्णन करत नसते. लहान मुलांसाठी सोपा शब्द वापरायला माझी हरकत नाही. मात्र मोठ्यांनी लिहिताना ‘री’ दीर्घच ठेवावी, कारण नृत् आणि वृत् या धातूंच्या नरीनृत्यते, वरीवृत्यते या यङन्त रूपांतल्याप्रमाणे ती व्याकरणाने आलेली आहे. आणि पावसाळ्यातल्या बातम्यांत ‘साप, विंचू आदी सरपटणारे प्राणी’ असे लिहिणे बंद करावे, कारण विंचू हा आठ पायांचा, कणा नसलेला, कोळ्याच्या वर्गातला प्राणी आहे.